सोमवारचा डबा एकट्याने खाणारे सर

सर हजेरी नावाने घेत नसत, नाश्त्याने घेत. वर्गात आले की पहिल्या बाकापासून सुरुवात. "तू सकाळी काय खाल्लंस?" पहिल्या दिवशी पहिला पोरगा म्हणाला, पोहे. दुसरा म्हणाला, पोहे. तिसरीनेही पोहेच सांगितले. मी दोंडाईच्याच्या मारवाड्याचा मुलगा, जळगावात खोली करून राहत होतो आणि त्या सकाळी चहात खाकरा बुडवून आलो होतो. पण सगळे पोहे म्हणतायत म्हटल्यावर मीही पोहे म्हणालो.

सर थांबले. टेबलावर टेकून उभे राहिले. "एवढे पोहे या गावात येतात कुठून? अरे, पोहे हा तुमचा नाश्ता नाही, पोहे हे तुमचं उत्तर आहे. खरं बोला की जरा!"

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "रात्रीची भाकर, दुधात कुस्करून." ती रुबीना. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली तडवी, म्हणजे मुसलमान भिल्लांतली मुलगी. सर तिच्याकडे असे काही खूश होऊन बघत राहिले की तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. "बस बाई, बस," ते म्हणाले. "आता विषय सुरू झाला."

विषयाचं नाव मोठं होतं, 'भारतातील विविध संस्कृतींचा अभ्यास'. मी कॉमर्सचा. पण आता दुसऱ्या शाखेतला एक विषय घ्यावाच लागतो, आणि याचा तास सकाळी लवकर संपत होता, म्हणून घेतला. मला वाटलं, कुठल्या राज्यात कुठला नाच हे पाठ केलं की पास. सरांनी वर्षभरात एकाही नाचाचं नाव घेतलं नाही.

त्यांचा नियम एकच होता. वर्गात कोणी 'आमच्यात असं असतं' म्हणालं की सर म्हणायचे, "वा, पुढे बोल." आणि कोणी 'त्यांच्यात असं असतं' म्हणालं की लगेच विचारायचे, "जेवलास का तिथं?" जेवला नसशील तर खाली बसायचं. हे इतकं अंगवळणी पडलं की कॅन्टीनमध्ये कुणी सिंध्यांबद्दल, बंजाऱ्यांबद्दल किंवा आम्हा मारवाड्यांबद्दल काही फेकायला लागलं की चार टेबलांवरून एकदम आवाज यायचा, "जेवलास का तिथं?" त्यात सरांच्या वर्गातली नसलेली पोरंही असायची.

ते स्वतः सगळीकडे जेवलेले होते. पिंप्राळ्यात त्यांची एक खोली होती भाड्याची. तिच्यात गॅस नव्हता, शेगडी नव्हती, विजेवरची एक किटली तेवढी होती. घरमालक म्हणायचा, "हा मास्तर माझ्याकडे झोपतो आणि गल्लीभर जेवतो." पण सर फुकट जेवायचे नाहीत. ज्याच्या घरी जायचे त्याच्या घरी आधी काम करायचे. कुणाचे तांदूळ निवडून दे, कुणाचे पापड लाटून दे, कुणाच्या गच्चीवर वाळवणाची राखण कर. पिंप्राळ्यातल्या बायका त्यांना पुरुष म्हणून नव्हे, मदतीला येणारी जाऊ म्हणून वागवायच्या. एकदा मी त्यांच्याकडे पुस्तक द्यायला गेलो, तर शेजारच्या ओट्यावर सर तीन बायकांच्या घोळक्यात बसून मेथी निवडत होते आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल चाललेल्या चर्चेत आपलं मत देत होते. मला बघून म्हणाले, "ये, देठं मोडून टाक."

आमची परीक्षाही तशीच. प्रत्येकाने वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरी एक दिवस जायचं. पाहुणा म्हणून नाही, कामाला. वही न्यायची नाही, फोटो काढायचे नाहीत. तिथलं एक काम शिकायचं आणि परत येऊन वर्गात करून दाखवायचं. "आणि जे खात नसशील ते खाऊ नकोस," हे त्यांनी मला वेगळं बोलावून सांगितलं. "आमच्याकडे कांदा-लसूण नाही, वांगं नाही, हे छाती पुढे काढून सांग. पण पंगतीतून उठू नकोस."

मला भूषणचं घर मिळालं. भूषण रावेरकडचा, लेवा पाटलाचा पोरगा, घरी केळीच्या बागा. आता आम्ही व्यापारी लोक. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आमच्या रक्तात. तेव्हा मी जळगावच्या बाजारात हिंडून, घासाघीस करून, चांगली पिवळीधमक दोन डझन केळी घेतली. पांढराशुभ्र शर्ट घातला. आणि केळी घेऊन केळीवाल्याच्या दारात उभा राहिलो.

भूषणच्या आईने पिशवीत डोकावून पाहिलं. मग मागे वळून हाक मारली, "आबा! ओ आबा! बाहेर या! ह्या पोरानं आपल्याकडे केये आनले बाप्पा!" आबा, म्हणजे भूषणचे वडील, बाहेर आले. शेजारचे आले. बागेतले मजूर आले. सगळ्यांनी त्या केळ्यांचं दर्शन घेतलं. आबांनी एक केळं सोलून गंभीरपणे खाल्लं आणि म्हणाले, "गोड आहेत. कुढून आनले?" त्यानंतर मला बागेत नेलं, खांद्यावर घड कसा घ्यायचा ते शिकवलं. संध्याकाळपर्यंत माझ्या पांढऱ्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते. ते आजतागायत गेलेले नाहीत. रात्री सगळे भरितावर तुटून पडले. मला भूषणच्या आईने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा एवढा गोळा दिला की आमच्या दुकानात तेवढं आम्ही वजन करून विकलं असतं.

वर्गात हे सांगितलं तेव्हा सर बाकावर डोकं टेकून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "शंभरपैकी शंभर. अशी चूक करायला सुद्धा माणसाला घरातून निघावं लागतं."

मला सर फार आवडायचे, हे सांगून टाकलेलं बरं. तसं कॉलेजात त्यांच्याबद्दल दुमत होतं. काही प्राध्यापक म्हणायचे, हा पोरांना शिकवत नाही, जेवायला पाठवतो. पण आमच्या वर्गातल्या पोरांना एकमेकांच्या आयांची नावं माहीत होती. दुसऱ्या कुठल्या वर्गात असं असेल, मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र खटकायची, आणि ती रुबीनाच्या नजरेतून सुटली नाही. सर दर शनिवारी धुळ्याला त्यांच्या आईकडे जायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत यायचे. येताना बरोबर डबा असायचा, चांगला थोरला, चार पुडांचा. एरवी दुसऱ्याच्या ताटातलं लोणचं चाखणारा हा माणूस सोमवारी मात्र लायब्ररीच्या मागच्या खोलीत दार लोटून एकटा जेवायचा. कुणाला घासभरही नाही. पोट भरलं तरी डबा संपवायचा. सोमवारच्या दुपारी सरांना चालवत नसे.

एका सोमवारी तासाला रुबीनाने हात वर केला. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती सरळ स्वभावाची आहे, तिला जे दिसतं ते ती विचारते. "सर, तुम्ही सगळ्यांकडे जेवलात. तुमच्या घरी कोण जेवलं?"

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "कोणीच नाही." आणि आम्हाला वाटलं तास संपला, पण ते खुर्चीवर बसले आणि सांगू लागले. लहानपणी धुळ्यात त्यांचा एक जिवलग मित्र होता. तो एकदा घरी आला. आईने दोघांना चहा दिला, पण मित्राला दिला तो ओसरीच्या कोनाड्यातल्या कानतुटक्या कपात. मित्राने चहा प्यायला, कप स्वतः विसळून कोनाड्यात ठेवला आणि पुन्हा कधी आला नाही. "तेव्हापासून मी कुणालाच नेलं नाही. आईला बोललोही नाही. बोललो असतो तर ती दुखावली असती, नेलं असतं तर येणारा दुखावला असता. आणि हा डबा ती माझ्यासाठी भरते. तिने ज्यांच्यासाठी केलं नाही त्यांना मी तो परस्पर वाटणं म्हणजे तिला फसवणं. म्हणून एकटा खातो."

मग सर रुबीनाकडे बघून म्हणाले, "हिने बरोबर विचारलं. जी परीक्षा मी तुमची घेतो ती मी दिलेली नाही. पुढच्या वर्षी हा विषय मी शिकवणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून सांगतो."

आम्हाला वाटलं, रागाच्या भरात बोलले, विसरतील. पण ते विसरले नाहीत. त्यांनी खरंच तसं कळवून टाकलं. हजेरी घ्यायचे, नाश्ते विचारायचे, पण आमचं खरं-खोटं पकडायचे नाहीत. एकदा मागच्या ओळीने लागोपाठ पोहे सांगितले, तरी सर पुढे गेले. रुबीना तर रडकुंडीला आली. "मी कशाला विचारलं," असं तिने भूषणला आणि मला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी भूषण म्हणाला, "आता विचारलंच आहे, तर उत्तर बी तूच आन."

आणि तिने आणलं. परीक्षा झाल्या होत्या, वैशाख तापला होता. सर व्हरांड्यात फोनवर आईशी बोलत होते. आईशी बोलताना ते नेहमी उभे राहायचे आणि त्यांची भाषा पार बदलायची. बिबड्यांचं चाललं होतं. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्या खान्देशातले ज्वारीचे पापड. एका बाईचं ते कामच नाही. भिजवून दळलेलं पीठ तिखट-मीठ, तीळ, लसूण घालून मोठ्या पातेल्यात शिजवायचं आणि गरम असतानाच गच्चीवर ओल्या कापडावर भराभर थापायचं. पीठ गार झालं की संपलं. दरवर्षी गल्लीतल्या बायका जमायच्या, पण कुणी पुण्याला लेकाकडे गेली, कुणी थकली. यंदा आईला हात मिळत नव्हते.

सरांनी फोन ठेवला तसा रुबीना पुढे झाली. "सर, आम्ही येतो. पाहुणे म्हणून नाही, कामाला."

त्यांचाच नियम! सरांना नाही म्हणता येईना. "आईला विचारून सांगतो," म्हणाले. पुढचे काही दिवस आम्ही रोज विचारायचो आणि ते रोज म्हणायचे, आज फोन लागला नाही. धुळ्याला फोन लागत नाही, हे आम्ही त्या आठवड्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी भूषणने चार तिकिटं काढली आणि पहाटेच्या पहिल्या एसटीत सरांना बसवलं. पारोळ्याला गाडी थांबली, गरम भजी खिडकीशी आली. सरांनी मान फिरवली. या माणसाने भज्यांकडे पाठ केली, तेव्हा मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. धुळ्याच्या अलीकडे ते हळूच म्हणाले, "रुबीना, तिने काही विचित्र केलं, तर तू माझ्याकडे बघ. आपण लगेच निघू." ती म्हणाली, "सर, मी कामाला आले आहे."

धुळ्याच्या देवपुरातलं ते घर लहानसंच होतं, वर गच्ची. आईला गल्ली अक्का म्हणायची. पंच्याहत्तरीची, बुटकी, काटक बाई. पदर खोचून दारातच उभी होती. सरांनी आदल्या रात्री फोनवर 'कामाला पोरं येतात' एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे आम्हाला बघून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, उशीर झाला म्हणून ती चिडलेली होती. "उन चढी गयं. कोन कोन शेतस तुम्ही?"

भूषणने नाव-गाव सांगितलं. मी म्हटलं, "मी दोंडाईचाना, अक्का. दुकान शे आमनं." आमच्याकडे घरात मारवाडी चालते, पण गल्ल्यावर गिऱ्हाइकाशी हीच बोली. अक्का खूश झाली. "मारवाडी ना? मंग तू लसूण खात नही. थांब, तुना गोळा येगळा काढस, लसूण टाकाना पयले." मग तिने रुबीनाकडे पाहिलं. "आनि तू कोनी आंडेर व माय?" कुणाची लेक तू, असं विचारलं.

सर मधेच घाईघाईने म्हणाले, "माय, पहिले पाणी..."

"थांब रे तू. तिले बोलू दे."

रुबीनाने सरांकडे पाहिलंच नाही. अक्काकडे बघून म्हणाली, "मी रुबीना. तडवी. यावलकडची."

अक्काने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. सरांच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"तू लसूण खास ना?" अक्काने विचारलं.

"हो."

"मंग चाल घरमा, सोलाले बस. हाऊ मारवाडी काय सोलनार!"

झालं. रुबीना थेट स्वयंपाकघरात गेली, पाटावर बसली आणि लसूण सोलू लागली. पातेलं चुलीवर चढलं. अक्का ढवळायची, रुबीना तीळ टाकायची, भूषण जाळ बघायचा. सर मात्र उंबऱ्यावर उभे होते, आत येईनात, बाहेर जाईनात. आईने दोनदा म्हटलं, "वाटमाईन सरक." शेवटी त्यांना राहवलं नाही. "माय," ते म्हणाले, "तुले चालस ना?"

"काय?"

"हे... पोरं. घरमा."

अक्काचा हात पातेल्यात थांबला. "काब्रं नही चालाव?"

मग सर बोलले. तो मित्र, तो चहा, तो कोनाड्यातला कप. इतक्या वर्षांचं सगळं एका दमात बोलून टाकलं. अक्का ऐकत होती आणि हात पुन्हा फिरू लागला होता, कारण पीठ लागलं असतं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तवय सासू व्हती. घर तिनं व्हतं, कप बी तिना. मी चहा दिना, माले बी वाईट वाटनं. सासू गयी तवय तो कप मी उकिरडावर फेकी दिना. तू इचारं का कवय?"

अक्काने भूषणला जाळ कमी करायची खूण केली.

"बठ्ठ्यासना घर जेवस म्हने तू. गल्लीमा लोके सांगतस. आनि मना घर एक मानूस आनत नही. माले वाटे, आंडोर प्रोफेसर व्हयना, आते त्याले मायनी लाज वाटस. मायनी बोलीनी लाज वाटस." तिने पदराने तोंड पुसलं, ते घामाने की कशाने ते मला सांगता येणार नाही. "दर सोमवारले एवढा डबा भरी देस मी. तो काय तुले एकलाले?"

सर उंबऱ्यावरच खाली बसले. मला वाटलं रडतायत, आणि थोडं रडलेही. पण मग ते हसायला लागले, पोट धरून. त्यांच्या त्या सगळ्या सोमवारच्या दुपारी आम्हाला आठवल्या आणि आम्हीही हसायला लागलो. काय झालं ते अक्काला आधी कळेना. रुबीनाने तिला सांगितलं, सर तो अख्खा डबा एकटे संपवायचे. अक्का म्हणाली, "तरीच इतला सुटी गया!"

पीठ शिजलं तसे सगळे गच्चीवर पळालो. ऊन डोक्यावर यायच्या आत कापडं भरली. माझे बिबडे वाकडेतिकडे झाले, अक्काने ते वेगळे ठेवले आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला दाखवले. पुढल्या जूनमध्ये सरांनी तो विषय पुन्हा मागून घेतला, आणि तेव्हापासून त्यांच्या वर्गाची पहिली परीक्षा धुळ्यात होते, असं मला नंतरच्या पोरांनी सांगितलं. अक्का आता प्रत्येक तुकडीला नापास करते म्हणे.

पण त्या दुपारचं जेवण माझ्या मनातून जात नाही. अक्काने चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर पुरणाच्या पोळ्या केल्या, दोन्ही हातांवर झुलवत झुलवत, ताटापेक्षा मोठ्या. रुबीनाने आंब्यांचा रस काढला. ताटं मांडली तेव्हा सर सवयीने पहिल्या पाटावर जाऊन बसले. अक्का म्हणाली, "ऊठ. तू वाढ." आणि ती स्वतः त्या पाटावर बसली, रुबीनाच्या शेजारी.

सर वाढायला उठले. आयुष्यभर गावोगावी जेवलेल्या या माणसाला वाढणं येत नव्हतं. त्यांनी माझ्या पोळीवर तूप सांडलं, भूषणला रस दोनदा दिला आणि अक्काला द्यायचा विसरले. रुबीनापाशी वाकून म्हणाले, "घे ना, आणखी एक घे, माझी शपथ." ती नको म्हणाली तरी त्यांनी वाढलीच. आम्ही अघोऱ्यासारखे जेवलो. सगळ्यांची ताटं झाली, मग सर एकटे बसले. पोळ्यांची टोपली पुढे ओढली, तर ती रिकामी. रसाच्या पातेल्यात कोय तेवढी. ते ती कोय चोखत बसले.

रुबीना घाबरून उठली. "अक्का, सरांना पोळी नाही उरली! मी करते."

"बठ व माय," अक्का म्हणाली. "पाव्हनासनी संपाडं म्हंजे बरं व्हयनं. तो घरना शे."